हो, नाही आणि पाच

"यावर तुझा विश्वास बसणार नाही, कुमुदिनी," मी म्हणालो, "पण माझ्या एका खिडकीपायी आमची अख्खी बँक दिल्लीच्या उत्तराची वाट बघत बसली होती. कारकून, कॅशियर, साहेब, दारावरचा बंदूकवाला, सगळे."

"खिडकी? म्हणजे लोखंडी गजांची?" कुमुदिनीने विचारलं. ही वरच्या मजल्यावरची मुलगी. मूळची अकोल्याची, सिरुसेरीला एका कंपनीत इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा पगार घेते. शनिवारी सकाळी माझ्या बायकोला, वसंताला, भेटायला खाली यायची आणि माझ्या तावडीत सापडायची.

"गजांची नव्हे, पडद्यावरची. तुला काय सांगायचं! रोज संध्याकाळी दिवसभराच्या कामाची नक्कल काढून ठेवायचं काम आमच्या कॉम्प्युटर सेक्शनकडे. मी मशीनला एकाखाली एक हुकूम लिहून द्यायचो, झाली स्क्रिप्ट. पण काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या की साहेबांना घाम फुटायचा. म्हणायचे, 'राव, हे यंत्र मला शिव्या देतंय.' म्हणून मी स्क्रिप्टला खिडकी बसवली. पडद्याच्या मधोमध चौकट. वर प्रश्न, 'नक्कल काढायची का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. बास."

"आम्ही पण वापरतो ते. झेनिटी."

"तेच. तर साहेब त्या खिडकीसमोर बसले आणि अडकले. वरच्याला विचारल्याशिवाय त्यांनी जन्मात कशाला हो म्हटलं नव्हतं. त्यांनी खिडकी दिल्लीला कळवली. दिल्लीने उलट विचारलं, 'नाही' हे बटण कोणाच्या परवानगीनं ठेवलं? इकडे खिडकी उघडी, काम बंद. शेवटी दिल्लीहून विमानाने एक माणूस आला. फक्त हो दाबायला! त्याने आधी नारळ फोडला, खिडकीला हळदीकुंकू वाहिलं, आणि मग..."

इथे मी थांबलो. इथे मी नेहमीच थांबतो.

कारण इथे स्वयंपाकघरातून आवाज यायचा: "लटकं!"

तमिळ मुलखात मुरलेल्या आमच्या तंजावरी मराठी घरांत खोट्याला लटकं म्हणतात. लग्न होऊन वसंता घरात आली तेव्हापासून माझी एकही थाप तिच्या हातून सुटून गेली नाही. हातात झारा असो की पंचांग, ती तिथून ओरडायची, "लटकं! दिल्ली नोहे, वरचा मजला! आणि सायब जेवाया गेलते!" आणि खरं तेच होतं. साहेब खिडकी उघडी टाकून दहीभात खायला गेले आणि खुर्चीत डुलकी काढून आले, एवढीच गोष्ट. पण ती पुढे आणखी सांगायची. साहेबांचं नाव काय, दहीभातात डाळिंब होतं की द्राक्षं, सगळं. ऑफिसात मी होतो, ती कधी पायरीसुद्धा चढली नव्हती, तरी माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक. पाहुणे हसायचे ते माझ्या थापेला नव्हे, तिच्या पकडीला. आमची जोडी होती ती. तबला आणि डग्गा म्हणा.

आता ती हॉलमध्येच, माझ्यापासून हाताच्या अंतरावर खुर्चीत बसलेली होती. नारळ फुटला तरी काही बोलली नाही.

पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमारास तिच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद पडली. उजवा हात गेला, शब्द गेले. ऐकू येतं, कळतं सगळं. तिला पुन्हा बोलतं करायला रंजनी म्हणून एक मुलगी तांबरमहून येते. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "सार, शब्द आत आहेत. अम्मांना दार सापडत नाही. तुम्ही हो-नाहीचे सोपे प्रश्न विचारा, आणि थांबा."

यातला पहिला सल्ला मी ताबडतोब अमलात आणला. दुसरा मला ऐकू आला नाही, कारण तोवर मी लॅपटॉप उघडला होता.

जुनी खिडकी नव्याने लिहिली. वसंतासमोर मेज, मेजावर लॅपटॉप, डाव्या हाताखाली माऊस. 'कॉफी हवी का?' हो, नाही. 'पंखा लावू का?' हो, नाही. तिने काय ठरवलं ते बाजूच्या काळ्या पडद्यावर उमटायचं, आणि मी ते वाचून कामाला लागायचो. बँकेत पंचवीस जणांना आवडलेली युक्ती घरी एकीला का आवडू नये?

पण वसंता म्हणजे वसंता. कॉफी: नाही. पंखा: नाही. सिरियल: नाही. कपालीश्वराच्या देवळात जाऊया का: नाही. सगळ्याला नाहीच. मला संशय यायचं काही कारण नव्हतं. ती आयुष्यभर मला नाहीच म्हणत आली होती. मी तिची सकाळची कॉफी बंद केली. मीही पिणं सोडलं असं सांगणार होतो, पण ते जाऊ दे.

मग आला हेरंब. म्हणजे फोनवर आला. आमचा मुलगा, पुण्याला असतो.

"अप्पा, पाऊस तोंडावर आलाय. आपल्या वेलचेरीत परत पाणी भरलं तर तळमजल्यावरून अम्माला कोण उचलणार? तुम्ही?"

"का? मागच्या पुरात मी एका हाताने फ्रिज उचलला होता."

"फ्रिज तरंगत होता, अप्पा. मी होतो तिथे." मग त्याने आवाज खाली आणला. "इथे पुण्याजवळ एक केंद्र आहे. पेशंटला तिथेच ठेवतात. दिवसभर व्यायाम, बोलण्याचे धडे. तिच्यासारखे कितीतरी आहेत."

"आणि मी?"

"तुम्ही माझ्याकडे राहा. रविवारी भेटू देतात."

"मग बाकीचे दिवस मी थापा कोणाला मारू?"

"मला मारा."

"तुला खऱ्या वाटतात रे."

मग तो म्हणाला, "शेरी, बरं. तुम्ही नको, मीही नको. अम्मालाच विचारा. ती म्हणेल तसं."

मी विचारलं. 'पुण्याला जायचं का?' काळ्या पडद्यावर उमटलं: नाही. मी तो पडदा डोळे भरून पाहिला. बँकेतल्या नोकरीत मशीनने दिलेल्या कुठल्याच उत्तराने मला इतका आनंद झाला नव्हता. हेरंबला फोन केला, "अम्मा नाही म्हणाली." तो म्हणाला, "मी येतो. माझ्यासमोर परत विचारा."

तर आज तो येणार तोच शनिवार. त्याचं विमान संध्याकाळचं. सकाळपासून मी हॉलमधून मोरीकडे आणि मोरीकडून हॉलमध्ये फिरत होतो. कुमुदिनीला थाप ऐकवली तीही बसून नव्हे, चालत चालत.

"काका, बसा हो जरा," ती म्हणाली. "आणि मला दाखवा ना, काकू ती खिडकी कशी वापरतात."

मला मिरवायला हवंच होतं. मी 'कॉफी हवी का?' उघडलं.

वसंताने प्रश्न वाचला. तिचे डोळे एकेका अक्षरावरून चालत गेले. मग डावा हात हलला. बाण निघाला, थबकला, पुन्हा निघाला. एखाद्या म्हातारीने गर्दीतला रस्ता ओलांडावा तसा. मी तोवर मोरीपाशी पोचलो होतो. परत आलो तर खिडकी मिटलेली, आणि काळ्या पडद्यावर: नाही.

"बघ. नाहीच म्हणते."

"काका, त्यांनी बटण दाबलंच नाही."

"दाबलं की. खिडकी गेली बघ."

"खिडकी आपोआप गेली. मी बघत होते. त्यांचा बाण अजून वाटेत होता." कुमुदिनीने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. "बघू स्क्रिप्ट. हे काय? अर्ध्या मिनिटाची मुदत कशाला घातलीत?"

"बँकेची सवय. साहेब दहीभात खायला गेले ना, त्यानंतर मी सगळ्या खिडक्यांना मुदत घातली. मुदतीत हो आलं नाही तर नाही धरायचं. बँकेत गप्प बसणाऱ्याचं उत्तर नाहीच असतं. त्यात धोका कमी."

स्क्रिप्टमध्ये तिने एक ओळ वाढवली, तीच खिडकी पुन्हा उघडली आणि माऊस कोणालाच धरू दिला नाही. आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. मला त्या वेळात तीनदा उठावंसं वाटलं. खिडकी मिटली. काळ्या पडद्यावर एक आकडा उमटला. पाच.

"हो दाबलं तर खिडकी शून्य सांगून जाते," ती म्हणाली. "नाही दाबलं तर एक. हे पाच आहे, काका. पाच म्हणजे मुदत संपली. पाच म्हणजे माणसाने अजून उत्तरच दिलेलं नाही. तुम्ही शून्य नसेल ते सगळं 'नाही'मध्ये ढकललंय."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण त्याची कधी गरज लागली नव्हती. आमच्या खिडकीला कोणी पाच म्हणालं काय आणि एक म्हणालं काय, बँकेत दोन्हीचा अर्थ 'उद्या बघू' एवढाच होता.

तिने मुदत काढून टाकली. 'कॉफी हवी का?' पुन्हा उघडली. या वेळी बाहेरून शेअर ऑटोवाला "विजयनगर, विजयनगर" ओरडून गेला, पाण्याचा टँकर मागे घेताना पिंपिं करत राहिला, पुलावरच्या रुळांवरून एक गाडी गेली, तरी खिडकी तशीच उभी. बाण निघाला. नाहीच्या काठावर अडखळला. मागे आला. हो.

मी कॉफीच्या डिकॉक्शनचं भांडं उघडताना सांडलं. दूध उतू गेलं. डबरा-टंबलर, म्हणजे कॉफीची वाटी आणि पेला, घेऊन आलो तो निम्मी कॉफी पायावर घेऊन. वसंताने डाव्या हाताने टंबलर धरला आणि तोंड न काढता पिऊन टाकला. मग तो रिकामा टंबलर माझ्यापुढे केला. आणखी.

कुमुदिनी दाराशी चपला शोधत होती. त्या तिच्या पायांतच होत्या.

"काका," ती म्हणाली, "मग पुण्याचं विचारलंत तेव्हाही पाचच आलं असणार."

"असेल."

"हेरंबदादांना सांगा."

"सांगतो की. तू वर पोचायच्या आत फोन लावतो."

तिने माझ्याकडे बघितलं. अकोल्याची असली तरी मुलगी आता माझ्या थापांत बरीच मुरली आहे. "संध्याकाळी येते मी," म्हणाली आणि गेली.

फोन मी लावला नाही. विमानात बसलेल्या माणसाला त्रास कशाला द्यायचा? तेव्हा तो विमानात नव्हता, हे खरं.

'पुण्याला जायचं का?' मी उघडलं. मुदत नाही. हो, नाही, आणि दोन्हींच्या मध्ये वाट्टेल तेवढी जागा.

बँकेत मी प्रगतीची पट्टीही करून दिली होती. काम पापणी लवायच्या आत संपायचं, पण साहेबांचा विश्वास बसत नसे. म्हणून मी ती हिरवी पट्टी मुद्दाम रेंगाळत सरकवायचो, मध्येच थोडी अडवायचो. साहेब कॉफी पीत तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "आज यंत्राला फार कष्ट पडले." ती पट्टी शुद्ध लटकी होती, पण माणसाला धीर द्यायची. वसंताच्या खिडकीला पट्टी नव्हती. तिच्या आत काम किती झालंय, किती उरलंय, चाललंय तरी की नाही, काही दिसत नव्हतं.

मी जाळीच्या दारापाशी जाऊन आलो. तांदूळ निवडायला घेतले, ते निवडलेलेच होते. खिडकी उघडीच.

"वसंता," मी सहज म्हणालो, "पुण्यात कढीपत्ता मिळत नाही हं. औषधाला नाही. लोक चोरून आणतात."

गप्प.

"आणि फिल्टर कॉफी प्यायली तर दंड आहे. हेरंबने दोनदा भरलाय."

ती माझ्याकडे बघत होती. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं असं मला वाटलं. मी आणखी जोर केला. म्हणालो, त्या केंद्रात उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पच्चडी करतात ती तुझ्यापेक्षा चांगली. याहून मोठी थाप मला येत नाही. पूर्वी यावर तिने झारा घेऊन बाहेर येऊन माझ्या आईच्या स्वयंपाकापासून सुरुवात केली असती.

ती पडद्याकडे वळली. बाण हलला.

तो होच्या बाजूला निघाला.

त्या वेळी मेजाला धक्का बसला. आमचं मेज जुनं आहे, पंख्याच्या वाऱ्यानेही हलतं. माझा गुडघा त्याच्या जवळपास होता एवढ्यावरून कोणी काही म्हणू नये. बाण घसरून पार खालच्या कोपऱ्यात गेला. वसंताने माऊसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. मग तिने डोळे मिटले. झोपली की नाही, ते कळायला माझ्याकडे बटण नव्हतं.

हेरंब आला तेव्हा दिवे लागले होते. बॅग दारातच टाकून तो आईच्या पायांशी जमिनीवर बसला आणि तिचा उजवा हात, जो हलत नाही तोच, उचलून गालाला लावला. वसंताचा डावा हात त्याच्या डोक्यावर फिरला. मी स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या उंबऱ्यावर उभा होतो. पुढे पाय निघेना, मागेही निघेना.

"अम्मा बारीक झाली अप्पा."

"पंखा नको म्हणाली बरेच दिवस. घामाने झाली असेल."

त्याला हसू आलं नाही. "मी केंद्रात जागा धरून ठेवलीय. ते थांबणार नाहीत फार." मग उठून माझ्यासमोर आला. आता तो माझ्यापेक्षा उंच आहे, हे मी दर खेपेला विसरतो. "पण शब्द दिलाय मी. अम्मा नको म्हणाली असेल तर मी तोंड उघडणार नाही. पावसाचंसुद्धा काढणार नाही. विचारलंत आज?"

"विचारलं."

"मग?"

कुमुदिनी तेवढ्यात दारात आली होती. जाळीला हात लावून उभी राहिली, आत आली नाही.

"नाही म्हणाली," मी म्हणालो. "स्वतःच्या हाताने दाबलं. मी या डोळ्यांनी पाहिलं."

कुमुदिनीने मान खाली घातली. हेरंबने लॅपटॉपकडे बघितलं. पडद्याच्या मधोमध चौकट अजून तशीच होती. पुण्याला जायचं का? हो. नाही.

"दाबल्यावर मिटते ना ही?" तो म्हणाला. "मग अजून उघडी कशी?"

"अरे, तेच तर सांगतोय! तुझा विश्वास बसणार नाही." माझे पाय आपोआप चालायला लागले, हॉलभर. "तिने नाही दाबलं ते इतक्या जोराने दाबलं, की आतला काटाच अडकला. खिडकीला मिटताच येईना. मी ताबडतोब दिल्लीला फोन लावला. तिथे त्या वेळचा तो माणूस अजून आहे. म्हातारा झालाय, पण आहे. म्हणाला, 'राव, अशी केस देशात दुसरीच. हात लावू नका, मी विमानाने निघतो.' मी म्हटलं नारळ आमचा आम्ही आणतो. तो म्हणाला, नारळ शेंडीचाच हवा, आणि बाईंना सांगा, एवढ्या ठाम नाहीला पुन्हा विचारायचं नसतं, तसा नियमच..."

माझ्या पाठीमागे खुर्ची करकरली.

पहिल्यांदा नुसता श्वास आला. मग जिभेने टाळूला काहीतरी चिकटलेलं सोडवावं तसा आवाज. मी वळलो. वसंताने माऊसला हातही लावला नव्हता. खिडकीकडे तिचं लक्ष नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, भुवया उंचावून, हातात झारा असल्यासारखी.

"ल," ती म्हणाली. "लट... लटकं!"